चूक आधी पदरात, मग पोटात: बचत गटाच्या हिशोबात चूक निघाली तर

महिन्याची बैठक संपत आलेली असते. कुणाच्या धारा काढायच्या राहिलेल्या, कुणाचं पोर मांडीवर झोपलेलं. सचिव बेरीज करते, पेटीतले पैसे मोजते, पुन्हा मोजते. वहीत हातशिल्लक ७५० रुपये आणि पेटीत ४८०. दोनशे सत्तर कमी. यानंतरच्या पाच मिनिटांत बायका एकमेकींशी काय बोलतात, यावर गट टिकणार की फुटणार हे पुष्कळदा ठरतं. रक्कम मोठी असावी लागते असं नाही. दोनशे-तीनशे रुपयांवरून बोलणं बंद झालेल्या जावा आणि मोडलेले गट बऱ्याच गावांत सापडतील.

चुकीबद्दल मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. चूक पदरात घालणं म्हणजे जिची तिला ती दाखवून देणं. चूक पोटात घालणं म्हणजे माफ करणं. गटात हाच क्रम ठेवायचा: आधी पदरात, मग पोटात. काय चुकलं ते न शोधताच "जाऊ दे, होतं असं" म्हणून विषय मिटवला, तर संशय मिटत नाही. तो बैठकीतून उठतो आणि नळावर जाऊन बसतो. सचिवाच्या मागे महिनोन् महिने कुजबुज चालू राहते, आणि तिला स्वतःची बाजू मांडायची संधीही मिळत नाही. पूर्ण माफी हवी असेल तर आधी पूर्ण हिशोब लागतो.

त्याच बैठकीत काय करायचं

पैसे दुसऱ्या दोघींनी मोजायचे. सचिव नाही, कोषाध्यक्षही नाही. मोजताना नोटांची यादी कागदावर उतरवायची: २०० ची १, १०० च्या २, ५० ची १, १० च्या ३, एकूण ४८०. नव्या कोऱ्या नोटा एकमेकींना चिकटतात, म्हणून प्रत्येक नोट बोटांत चोळून बघायची. पेटीचं झाकण, तळाचा कागद, वहीची पानं, पावतीपुस्तकाची घडी हेही बघायचं. काखेत कळसा निघाला असं पुष्कळदा होतं.

तरीही मेळ बसला नाही, तर त्या यादीवर तारीख घालून चौघींच्या सह्या घ्यायच्या, यादी पेटीत ठेवायची आणि कुलूप लावायचं. शोध दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यायचा. रात्री नऊ वाजता, दिवसभर खुरपणी करून आलेल्या बाईला बाराजणींसमोर बेरीज सोडवायला लावली तर ती आणखी चुकेल. आधीच्या चुकीवर घाबरून केलेली दुसरी चूक चढली की कोणती कुठली हे कळेनासं होतं. सचिवाने मात्र त्या रात्री वही एकटीने घरी नेऊ नये. तिच्यावर विश्वास नाही म्हणून नव्हे. उद्या दुरुस्ती निघाल्यावर "रात्रीत बदललं" असं म्हणायला कुणाला जागा राहू नये म्हणून.

बैठक उठण्याआधी अध्यक्षाने एक वाक्य मोठ्याने बोलायचं: "दोनशे सत्तर रुपयांचा मेळ बसलेला नाही. उद्या सकाळी चौघी बसून बघणार आहोत, तोवर ही गोष्ट बाहेर जायची नाही." 'पैसे गेले', 'पैसे खाल्ले', 'घोटाळा' हे शब्द या घडीला तोंडातून निघू द्यायचे नाहीत. 'मेळ बसत नाही' एवढंच त्या वेळी खरं असतं. वहीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, हेही तिथेच सांगायचं. तो फोटो सचिवाच्या नवऱ्याच्या आणि सासूच्या फोनवर पोचायला दहा मिनिटं लागत नाहीत. घरात तिला जे ऐकावं लागतं ते नंतर कुठल्याही ठरावाने भरून येत नाही.

फरकाचा आकडाच बोलतो

दुसऱ्या दिवशी चौघींनी बसायचं: सचिव, कोषाध्यक्ष आणि सभासदांपैकी दोघी. समोर रोजकीर्द (जमाखर्चाची वही), पावतीपुस्तक, सगळ्यांची वैयक्तिक पासबुकं आणि बँकेचं पासबुक. सुरुवात "चूक कुणी केली" इथून करायची नाही. "२७० हा आकडा कुठून आला" इथून करायची. फरकाचा आकडा नीट बघितला तर तोच वाट दाखवतो.

पहिली वाट, २७० हीच रक्कम शोधायची. बँकेत जायचं एसटीचं भाडं, झेरॉक्स, बैठकीचा चहा, असा काही खर्च पेटीतून झाला आणि लिहायचा राहिला का? एखाद्या सभासदाच्या कर्जाचा हप्ता पेटीत न येताच वहीत जमा धरला का?

दुसरी वाट, निम्मी रक्कम शोधायची. २७० चे निम्मे १३५. नावेच्या, म्हणजे खर्चाच्या बाजूची १३५ रुपयांची रक्कम चुकून जमेला लिहिली गेली, तर फरक दुप्पट पडतो. म्हणून वहीत १३५ दिसतात का ते बघायचं.

तिसरी वाट सगळ्यात उपयोगाची. फरकाला ९ ने भाग जातो का? आकड्यांची बेरीज करायची: २ + ७ + ० = ९. भाग जातो. म्हणजे दोन आकडे उलटसुलट झाले असण्याची किंवा एखादं शून्य जास्त पडल्याची शक्यता मोठी. आकड्यांची अदलाबदल झाली की फरक नेहमी ९ च्या पाढ्यातच येतो. २७० साठी शेकडा आणि दशक यांत ३ चा फरक असलेल्या जोड्या बघायच्या: ४१० आणि १४०, ५२० आणि २५०, ६३० आणि ३६०, ७४० आणि ४७०. शून्याची चूक असेल तर ३० च्या जागी ३०० पडलेले असतील. इथे वही पेटीपेक्षा जास्त दाखवते, म्हणजे जमेला मोठा आकडा लिहिला गेलाय किंवा नावेला लहान.

समजा त्या महिन्याची नोंद अशी आहे. मागील शिल्लक ६४०. बारा जणींची शंभरप्रमाणे बचत १२००. कर्जवसुली २५००, व्याज ४५०, दंड २०. एकूण ४८१०. त्यातून कर्जवाटप ४०००, रजिस्टर ६०. शिल्लक ७५०. बेरीज-वजाबाकी बरोबर आहे. आता वसुलीचा एकेक आकडा त्या त्या सभासदाच्या पासबुकाशी ताडायचा. एकीच्या पासबुकात हप्ता २५०, रोजकीर्दीत तिच्याच नावासमोर ५२०. खरी वसुली २२३०, खरी शिल्लक ४८०. पेटीत तेवढेच आहेत.

म्हणजे पैसे कुठे गेलेच नव्हते.

यानंतर वहीत दुरुस्ती. चुकलेल्या आकड्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा. वर बरोबर आकडा, शेजारी तारीख आणि दोघींच्या सह्या. गिरवणं नाही, पांढरी शाई नाही, पान फाडणं तर मुळीच नाही. खाडाखोड केलेलं पान बघून वर्षाच्या शेवटी हिशोब तपासणाऱ्याला जी शंका येते ती एका रेघेने येत नाही. महिना केव्हाच बंद झाला असेल तर जुन्या पानाला हात लावायचा नाही. चालू तारखेला दुरुस्तीची नोंद करायची आणि तिथे जुन्या पानाचा क्रमांक घालायचा.

चूक कोणत्या जातीची, हे ठरवल्याशिवाय माफी ठरत नाही

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मोठमोठ्या अपघातांमागच्या मानवी चुकांचा अभ्यास करून त्यांचे प्रकार पाडले. गटाच्या बैठकीत ते आपल्या शब्दांत असे बसतात.

हात चुकला: मनात २५० होतं, कागदावर ५२० उतरलं. विसर पडला: सभासदाने रस्त्यात हप्ता हातात दिला, घरी जाऊन लिहू म्हटलं, राहिलं. समजच चुकीची होती: नियम जसा कळला तसा प्रामाणिकपणे पाळला, पण कळलाच उलटा. आणि चौथा प्रकार, नियम पक्का ठाऊक असून मोडला.

पहिले दोन कुणाच्याही हातून होतात. लिहिण्यात हुशार आणि सरावलेली बाईही यातून सुटत नाही. उलट सराव झाला की हात आपोआप चालतो आणि लक्ष दुसरीकडे जातं. रागावल्याने या चुका कमी होत नाहीत, कारण त्या कुणी ठरवून केलेल्या नसतात. त्यांचं मूळ बहुतेक वेळा बाईत नसतं, बैठकीच्या मांडणीत असतं. बाराजणी एकदम पैसे पुढे करतात. लिहिणारीला कुणी मध्येच विचारतं, "ताई, माझं व्याज किती झालं?" बल्ब तिच्या पाठीमागे असतो आणि तिचीच सावली वहीवर पडते. चाळिशी उलटलेली असते आणि चष्मा घेतलेला नसतो, म्हणून ३ आणि ८ सारखेच दिसतात. गटात दोन सुनीता असतात. ही कारणं शोधणं म्हणजे सचिवासाठी सबब शोधणं नव्हे. पुढच्या महिन्यात तीच चूक दुसरीच्या हातून होऊ नये, याची ती तयारी आहे.

तिसऱ्या प्रकाराचं नेहमीचं उदाहरण व्याजाचं. १०,००० रुपये कर्ज, दरमहा शेकडा २ रुपये, १० हप्ते. घटत्या शिल्लकेवर व्याज धरलं तर २००, १८०, १६० असं उतरत जाऊन एकूण ११०० होतं. मूळ रकमेवरच दर महिन्याला २०० धरत गेलं तर २००० होतं. गटाचा नियम घटत्या शिल्लकेचा असेल तर त्या सभासदाकडून ९०० रुपये जास्त घेतले गेले. सचिवाने ते खाल्ले नाहीत, ते गटाच्याच पेटीत आहेत. तिला तसंच शिकवलं गेलं होतं. इथे तिला माफ करायचं आणि ९०० रुपये परत द्यायचे, दोन्ही एकाच बैठकीत. त्याच पद्धतीने आणखी कुणाकुणाचं व्याज लागलं तेही त्याच आठवड्यात बघायचं, कारण चुकीची समज एकाच खात्यात थांबत नाही.

चूक हातची की जाणूनबुजून, हे ठरत नसेल तर एक प्रश्न विचारायचा: गटातली दुसरी एखादी नेकीची बाई त्याच जागी, त्याच वेळी, तेवढ्याच गडबडीत बसली असती, तर तिच्या हातून हे झालं असतं का? उत्तर 'हो' आलं तर शिक्षेचा विषय संपला. या प्रश्नाची गरज पडते, कारण आपली चूक झाली की आपल्याला परिस्थिती दिसते आणि दुसरीची झाली की तिचा स्वभाव दिसतो. आपण विसरलो तर पोराला ताप होता, ती विसरली तर ती मुळातच निष्काळजी. हा झुकाव सगळ्यांत असतो. तो आहे हे धरूनच निवाडा करायचा.

काय बोलायचं, कुणी बोलायचं

सचिवाशी पहिलं बोलणं एकटीशी आणि एकटीनेच करावं, अध्यक्षाने किंवा तिला जवळच्या वाटणाऱ्या वडीलधारीने. "वंदनाताई, वसुलीत एक आकडा उलटा पडलाय. पासबुकात अडीचशे आहेत, वहीत पाचशे वीस. बघता का जरा?" एवढं पुरे. "तुमच्याकडेच होती की किल्ली" किंवा "तुम्ही शिकलेल्या ना?" असलं वाक्य गेलं की समोरची बाई चूक बघायचं सोडते आणि स्वतःला वाचवायला लागते. मग खरी नोंद कधीच मिळत नाही. वयाने लहान सून सचिव असेल तर काकू-मावशींनी जास्तच सांभाळावं. मोठ्यांच्या आवाजाला ती उलट बोलू शकत नाही, आणि न केलेलीही गोष्ट कबूल करून मोकळी होते.

पुढच्या बैठकीत सचिवाने आपल्या तोंडाने सांगावं. काय झालं, कुणाला त्रास झाला, काय दुरुस्त केलं, इथून पुढे काय करणार. चार वाक्यं, मध्ये 'पण' नको. "माझ्याकडून शकुंतलाकाकूंचा हप्ता अडीचशेऐवजी पाचशे वीस लिहिला गेला. सगळ्यांना दोन दिवस घोर लागला, माफ करा. नोंद दुरुस्त केलीय, इथे सही आहे. आता प्रत्येक आकडा मोठ्याने बोलून लिहीन." "लाइट गेली होती, पण तुम्हीपण गडबड करता" हे खरं असलं तरी त्या क्षणी ते कबुलीला पाणी घालतं. लाइटचं आणि गडबडीचं दुसऱ्या बाईने मांडावं. ते ऐकून घेतलं जातं.

मग ठराव. प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्ताच्या वहीत, तो असा लिहिता येईल:

"ठराव क्र. ४. मागील बैठकीत एका सभासदाचा कर्जहप्ता रु. २५० ऐवजी रु. ५२० असा लिहिला गेला. ही लिहिताना झालेली चूक असून गटाची रक्कम पूर्ण आहे. पासबुकाशी ताडून नोंद दुरुस्त केली. याबाबत सचिवांवर कोणताही ठपका नाही. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर."

'ठपका नाही' हे शब्द मुद्दाम घालायचे. तोंडी माफी आठवणीत राहते तशी विसरलीही जाते. चार वर्षांनी अध्यक्ष बदलते, कुणीतरी जुनी वही उघडते आणि रेघ मारलेला आकडा दाखवते. त्या वेळी सचिवाच्या बाजूने हे पान उभं राहतं. बँक कर्ज देताना पंचसूत्री, म्हणजे गट चालवायचे पाच नियम, बघते आणि अद्ययावत हिशोब हे त्यातलंच एक सूत्र आहे. तिथेही दुरुस्ती आणि तिच्यावरचा ठराव शेजारी-शेजारी असणं, कोऱ्या करकरीत संशयास्पद वहीपेक्षा चांगलं.

माफ करायचा हक्क कुणाचा

इथे बरेच गट घसरतात. तुकोबांनी घरच्या सावकारीची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण त्याआधी धाकटे भाऊ कान्होबा यांचा निम्मा हिस्सा त्यांनी वेगळा काढून दिला. बुडवली ती आपल्या वाट्याची. गटात हाच न्याय लावायचा. आपला अपमान झाला असेल तर तो पोटात घालायचा हक्क आपला. गटाचे पैसे बाराजणींचे, ते कमी पडले असतील तर एकट्या अध्यक्षाने "राहू दे" म्हणायचं नाही. आणि तिसऱ्याच बाईचा अपमान झाला असेल, तर माफीचा हक्क फक्त तिचा.

उदाहरणार्थ, नोंद राहिली म्हणून एका सभासदाला भर बैठकीत थकबाकीदार म्हटलं गेलं आणि नंतर कळलं की तिने हप्ता वेळेवर दिला होता. गटाने सचिवाला कितीही माफ केलं तरी त्या बाईचा हिशोब उरतो. तिची माफी जिथे बोललं गेलं तिथेच मागायची, तेवढ्याच बायकांसमोर, तेवढ्याच आवाजात. घरी जाऊन हळूच "मनाला लावून घेऊ नका" म्हणणं पुरत नाही. दंड लावला असेल तर तो परत द्यायचा, मग तो १० रुपयांचा का असेना. पासबुकावर 'थकीत' शिक्का किंवा शेरा असेल तर तो सहीसह रद्द करायचा.

तिने तरीही मनातून सोडलं नाही तर बहुमताने दबाव आणायचा नाही. नोंद बहुमताने दुरुस्त होते, मन होत नाही. तिच्याकडून एवढंच मागायचं की नवीन काही समोर आल्याशिवाय हा विषय बैठकीत पुन्हा काढू नये. बाकी वेळेवर सोडून द्यायचं.

पैसे खरंच कमी निघाले तर

कधीकधी वही बरोबर असते आणि पैसेच कमी असतात. सुटे देताना जास्त गेले, ५०० ची नोट १०० ची म्हणून दिली, प्रवासात पडले. चूक साधी आहे, तूट मात्र खरी आहे. २७० भागिले १२ म्हणजे प्रत्येकी साडेबावीस रुपये. वर्गणी काढून भरता येतात, पण ती पद्धत आम्ही सुचवणार नाही. दर महिन्याला साडेबावीस रुपयांची आठवण मागे राहते. त्यापेक्षा गटाच्या दंडाच्या आणि व्याजाच्या उत्पन्नातून 'रोख तूट' म्हणून खर्ची टाकावेत, ठरावासह. सभासदांच्या बचतीला हात लावायचा नाही.

सचिव स्वतः भरते म्हणाली तर? बऱ्याच जणी म्हणतात, लाजेखातर. एकदा भरू दिलं की तूट म्हणजे सचिवाचा दंड अशी प्रथा पडते आणि पुढच्या वर्षी ते पद घ्यायला कुणी पुढे येत नाही. म्हणून किती रकमेपर्यंतची तूट गट सोसणार हे नियमावलीत आधीच लिहून ठेवावं. शांत डोक्याने, कुणाचीही चूक समोर नसताना. त्यापेक्षा मोठी तूट आली तर गट आणि सचिव यांचा वाटा आणि हप्ते बैठकीत ठरवावेत. एकाच माणसाच्या हाताखाली तूट परत परत येत असेल तर काम बदलून द्यावं. त्यात अपमान नाही. कुणाचा हात हिशोबाला चालतो, कुणाचा वसुलीला.

पैसे वापरले असतील तर

कोषाध्यक्षाने पेटीतले १५०० रुपये पोराच्या दवाखान्याला वापरले, पुढच्या बैठकीआधी ठेवून देऊ म्हणाली, जमलं नाही. नियम तिला ठाऊक होता. हा हात चुकण्याचा प्रकार नाही. तरीही तिला चोर म्हणायच्या आधी एक गोष्ट बघावी: तिने स्वतः येऊन सांगितलं, की मोजणीत पकडलं गेलं?

स्वतः सांगितलं असेल तर ती रक्कम ज्या दिवशी घेतली त्या तारखेपासून तिच्या नावावर कर्ज म्हणून लिहावी. व्याज सगळ्यांना आहे तेच, हप्ते ठरवून. तातडीच्या कर्जाची सोय नसल्यामुळे हे घडलं असेल तर तो गटाच्या नियमांतला खड्डा आहे. दोघींच्या संमतीने रात्री-बेरात्री ठरावीक रकमेपर्यंत पैसे देता येतील असा नियम करून तो बुजवावा. दवाखाना पुढच्या बैठकीची वाट बघत नाही.

माफ करणं आणि किल्ली परत देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. त्यांची गल्लत केली की एकतर बाई कायमची बाहेर पडते, नाहीतर गट कायमचा धास्तावतो. हप्ते फिटेपर्यंत किल्ली दुसरीकडे असावी आणि ही गोष्ट तिला सरळ सांगावी: "तू आमचीच आहेस. किल्ली सहा महिने रेखाकडे राहील, मग बैठकीत परत ठरवू." मुदत सांगितलेली असली की तिला परतीची वाट दिसते.

खोट्या सह्या, दुसरीच्या नावावर परस्पर उचललेलं कर्ज, बँकेच्या पासबुकात नसलेला व्यवहार वहीत दाखवणं, या गोष्टी मात्र गटाने आपसात मिटवायच्या नाहीत. बँकेचं कर्ज साऱ्या गटावर असतं, गुपचूप माफीचा भुर्दंड बाकीच्या अकराजणींना बसतो. ग्रामसंघाकडे (गावातल्या गटांच्या संघाकडे) आणि बँकेत लेखी कळवायचं, खात्यावरच्या सह्या बदलून घ्यायच्या. त्या बाईबद्दल मनात राग ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. कळवणं टाळायचं नाही.

माफीनंतरचे तीन महिने

माफी कुजते ती टोमण्यांनी. "बघा हो, नीट लिहा, नाहीतर पाचशे वीस व्हायचे" असं हसत म्हटलेलं वाक्य तिसऱ्या वेळी हसण्यावारी राहत नाही. अध्यक्षाने ते पहिल्या वेळीच थांबवावं. "आम्ही म्हणून सांभाळून घेतलं" हेही तसंच. उपकार म्हणून दिलेली माफी घेणाऱ्याच्या डोक्यावर कर्जासारखी बसते.

बैठकीची मांडणी बदलायची. लिहिणारीच्या डाव्या बाजूला उजेड, म्हणजे उजव्या हाताची सावली पडत नाही. एका वेळी एकच सभासद पुढे येणार. ती रक्कम मोठ्याने बोलेल, सचिव तीच रक्कम परत बोलून रोजकीर्दीत लिहील, मग पासबुकात, आणि मगच पुढची बाई. दोन सुनीता असतील तर नावापुढे क्रमांक: सुनीता ४, सुनीता ९. रस्त्यात पैसे घ्यायचे नाहीत. घ्यावेच लागले तर तिथेच पावती. आकडे अक्षरातही लिहायचे, कारण 'दोनशे पन्नास' उलटं लिहिता येत नाही. शेवटी मागील शिल्लक, जमा, खर्च, आजची शिल्लक हे चार आकडे मोठ्याने वाचायचे आणि सगळ्यांसमोर पेटी मोजायची. बारा सभासदांना याला वीसेक मिनिटं जास्त लागतात. वही एकीकडे, पेटी दुसरीकडे, किल्ली तिसरीकडे. जोडीला आणखी एका सभासदाला लिहायला शिकवायचं, म्हणजे सचिव बाळंतपणाला गेली किंवा डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी वही थांबत नाही.

चुकीनंतरच्या पहिल्याच बैठकीत लेखणी तिच्याच हातात द्यावी. "या महिन्यात राहू द्या, दुसरी लिहील" असं म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण सचिवाला त्याचा अर्थ वेगळाच लागतो. शकुंतलाकाकूंनाच तिच्या शेजारी बसवावं, पासबुक उघडून. काकू म्हणतील, "अडीचशे." सचिव म्हणेल, "अडीचशे, दोनशे पन्नास," आणि लिहील. मग काकूंनी वहीत वाकून बघावं आणि पुढच्या बाईला हाक मारावी.